पाहुण्याचं म्हणणं विषयपत्रिकेवर येऊ द्या

या महिन्याच्या पत्रांत सेवा-क्लबांच्या सभांबद्दलचे प्रश्न बरेच आहेत. कुणी रोटरीत आहे, कुणी लायन्समध्ये, कुणी एखाद्या स्वतंत्र स्थानिक क्लबात. अशा क्लबात मी सचिवपद सांभाळलं आहे आणि कार्यक्रम समितीही, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पत्रं जागेअभावी थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : ताई, यंदा आमच्या क्लबची कार्यक्रम समिती माझ्याकडे आहे. सभा एक तासाची. वक्त्यांना आम्ही वीस मिनिटं कबूल करतो, पण इतिवृत्त, वाढदिवस, प्रकल्पांचे अहवाल, वर्गणीची आठवण आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यांतच पाऊण तास जातो. मागच्या सभेत भूजलावर काम करणारे एक भूवैज्ञानिक आले होते. त्यांना जेमतेम नऊ मिनिटं मिळाली. अध्यक्ष म्हणतात, क्लबचं कामकाज टाळता येत नाही. यातून काही मार्ग?

उत्तर : आहे. कामकाज टाळता येत नाही हे अध्यक्षांचं म्हणणं बरोबरच आहे, पण तुम्ही दिलेल्या यादीत कामकाज म्हणावं असं किती आहे ते एकदा तपासा. इतिवृत्त सभेत मोठ्यानं वाचायचं कारण नाही. दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा आणि सभेत सचिवांनी एवढंच विचारावं, 'इतिवृत्त सर्वांना मिळालं आहे, काही दुरुस्ती?' नसेल तर कायम. अर्ध्या मिनिटाचं काम. प्रकल्पांचे अहवाल लेखी फिरवा. सभेत फक्त तेवढंच बोला ज्यासाठी समोर बसलेल्यांकडून काही हवं आहे : 'रविवारच्या रक्तदान शिबिराला आठ जण हवेत, चार झालेत, उरलेली चार नावं आत्ता द्या.' वर्गणीची आठवण खजिनदारांनी ज्याची त्याला द्यावी, एकट्याला गाठून.

मग उरतं ते खरं कामकाज. खर्चाची मंजुरी, पदाधिकाऱ्यांची निवड, पोटनियमातला बदल, म्हणजे ज्यावर मतं घ्यायची आहेत असं सगळं. ते सभेतच व्हायला हवं आणि नीट व्हायला हवं. माझ्या मते त्याची जागा सभेच्या सुरुवातीला आहे, पाहुणे यायच्या आधी. बरेच क्लब ते शेवटाला ठेवतात. भाषण संपलं की निम्मी मंडळी उठतात, मागे राहिलेले सात-आठ जण ठराव करतात आणि त्या ठरावावर पुढच्या महिन्यात वाद होतो. रोटरीच्या नमुना पोटनियमांप्रमाणे क्लबचा निर्णय घेताना एक तृतीयांश सभासद हजर लागतात. लायन्सच्या नमुना घटनेत तर नियमित सभासदांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. खुर्च्या रिकाम्या झाल्यावर ही गणसंख्या कुठून आणणार?

तेव्हा सभा सहाला असेल तर पाहुण्यांना सव्वासहाची वेळ द्या, आणि कारणही मोकळेपणानं सांगा : पहिली पंधरा मिनिटं आमचं अंतर्गत कामकाज असतं. एका सभासदानं दाराशी थांबून त्यांना आत आणायचं, बसवायचं, माइक आणि पडदा दाखवायचा. सहा वीसला भाषण सुरू, सहा चाळीसला प्रश्नोत्तरं, पाच मिनिटं राखून आभार. पंधरा मिनिटांत न संपलेला विषय तिथेच थांबवून बोर्डाकडे, म्हणजे क्लबच्या संचालक मंडळाकडे, किंवा पुढच्या सभेकडे द्यायचा. हे अध्यक्षांना जड जाईल, पण दोन-तीन सभांत सगळ्यांना सवय होते.

पाहुण्यांसमोर कामकाज अजिबात नको, असंही मी म्हणणार नाही. शिबिराला माणसं मागणं, झालेल्या कामाची बातमी देणं हे त्यांच्या कानावर पडलेलं उलट चांगलं. क्लब काय करतो ते त्यांना कळतं. पैशांची थकबाकी, सभासदाची गैरहजेरी, आपसांतले मतभेद मात्र त्यांच्यासमोर काढू नयेत.

हे मी इतक्या आग्रहानं का सांगते? एका क्लबात मी पाहुणी म्हणून गेले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्या दिवशीचे वक्ते बसले होते, निवृत्त शिक्षक, हातात लिहून आणलेली पानं. खजिनदार थकबाकीदारांची नावं रकमेसकट वाचत होते आणि नावागणिक कुणीतरी उठून खुलासा करत होतं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, पेन काढलं आणि पहिल्या पानावरचे दोन परिच्छेद आडव्या रेघा मारून खोडले. थोड्या वेळानं दुसऱ्या पानावरचा एक. मग तिसरं पान त्यांनी चौघडी करून खिशात ठेवलं. त्या पानावर काय होतं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. माणूस आपल्याला संध्याकाळ देतो, त्याआधी तयारीत आणखी काही संध्याकाळी घालवतो. कबूल केलेली वीस मिनिटं ही क्लबनं दिलेली जबान आहे.

आणखी एक वाट आहे. 2016 पासून रोटरीनं क्लबांना सभांच्या बाबतीत मोकळीक दिली आहे. महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतं. त्यातली एक पूर्णपणे कामकाजाची ठेवता येते, जिला रोटरीवाले क्लब असेम्ब्ली म्हणतात. दुसरी निवांत वक्त्याची. आठवड्याला भेटणाऱ्या क्लबांनाही अशी वाटणी करायला कुणाची आडकाठी नाही.

प्रश्न : मी सचिव आहे. आमचे एक ज्येष्ठ सभासद बोर्डानं घेतलेला प्रत्येक निर्णय भर सभेत पुन्हा उकरून काढतात, मग पाहुणे बसलेले असोत नसोत. त्यांना गप्प बसा म्हणायचं धाडस कुणाला होत नाही, आणि त्यांचा हक्कही डावलायचा नाही. काय करावं?

उत्तर : हक्क डावलू नका, तो हक्क कोणत्या दारानं बजावायचा ते दाखवा. रोटरीच्या प्रमाण घटनेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे : क्लबच्या बाबतीत बोर्डाचा निर्णय अंतिम, पण त्यावर क्लबकडे अपील करता येतं. अपिलासाठी बोर्ड सभा ठरवतं, सचिव किमान पाच दिवस आधी प्रत्येक सभासदाला कळवतो, गणसंख्या हवी, आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मतं पडली तरच निर्णय फिरतो. तुमचा क्लब रोटरीचा नसेल तर तुमची घटना काढा, अशीच काहीतरी सोय तिच्यात असेल. नसेल तर ती करून घ्या.

सभेत अध्यक्षांनी उभं राहून शांतपणे म्हणावं, 'तुमचा आक्षेप नोंदवून घेतला. लेखी द्या, बोर्डाच्या पुढच्या सभेत पहिला विषय तोच घेतो.' आणि खरोखर पहिला घ्यावा, उत्तर लेखी द्यावं. एकदा जरी हे चुकलं तरी ते पुन्हा भर सभेत उभे राहतील, आणि तेव्हा त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

आता तुमच्यासाठी एक. बोर्डाच्या सभांचं इतिवृत्त सभासदांना मिळतं का? रोटरीच्या घटनेप्रमाणे ते सभासदांना उपलब्ध असायलाच हवं. मी पाहिलेल्या अशा बहुतेक भांडणांच्या मुळाशी हेच होतं : निर्णय झाला, कारण कळलं नाही, संशय वाढला. तुमच्या ज्येष्ठांना कागद वेळेवर पोचू लागले की त्यांचा सूर बदलतो का ते बघा. आणि हो, 'अध्यक्षांच्या परवानगीने' हे शब्द विषयपत्रिकेवर असतात ते काही उगीच नाही. परवानगी नाकारताही येते. पैशांचा कुठलाही ठराव ऐनवेळच्या विषयांत घेऊ नये, हे माझं ठाम मत.

प्रश्न : वक्त्यांचा परिचय करून देताना त्यांनी पाठवलेला दोन पानी बायोडेटा पूर्ण वाचावा लागतो का? गाळलं तर राग येतो म्हणतात.

उत्तर : वाचू नका. दीड मिनिटात तीन गोष्टी सांगा : हे कोण, या विषयावर बोलायचा त्यांचा अधिकार काय, आणि आज आपण त्यांनाच का बोलावलं. तिसरी गोष्ट बायोडेटात नसते, ती तुम्हालाच लिहावी लागते. आदल्या दिवशी त्यांना फोनवर वाचून दाखवा. नावाचा उच्चार, संस्थेचं नाव, सध्याचं पद तिथेच दुरुस्त होतं आणि रागाचाही प्रश्न मिटतो. आभाराच्या वेळी भाषणाचा सारांश पुन्हा सांगत बसू नये. ऐकलेल्यातली एक गोष्ट नेमकी उचलावी आणि थांबावं.

प्रश्न : निवडणूक जवळ आली आहे. एक उमेदवार आमच्याच सभासदाचे मित्र आहेत. 'शहराचा विकास' या विषयावर त्यांना बोलवावं, असा आग्रह आहे. हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. रोटरीच्या घटनेनुसार क्लबला कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, इतकंच काय, उमेदवाराच्या गुणदोषांची चर्चाही सभेत करता येत नाही. लायन्सच्या उद्दिष्टांत सार्वजनिक हिताच्या सर्व विषयांवर खुली चर्चा करायचं व्यासपीठ मिळावं असं म्हटलेलं आहे, पण पक्षीय राजकारण आणि धार्मिक पंथभेद यांवर सभासदांनी वाद घालू नये, हेही त्याच वाक्यात आहे. विषयाचं नाव 'विकास' ठेवलं तरी उमेदवार उमेदवारच राहतो.

सार्वजनिक प्रश्न मात्र टाळू नका. पाणी, रस्ते, शाळा यांवर जाणकारांना जरूर बोलवा, दोन्ही बाजू ऐका आणि ज्यानं त्यानं आपलं मत बनवावं. मतदान होऊन निकाल लागला की जो निवडून येईल त्याला बोलवा. सभासदाला हेच सांगा, मित्र निवडून आले तर पहिलं आमंत्रण त्यांना.

प्रश्न : आमच्या एका सभासदानं 'आर्थिक नियोजन' या विषयावर वक्ते आणले. शेवटी त्यांनी सगळ्यांना अर्ज वाटले आणि फोन नंबर घेतले. नंतर कळलं की त्या सभासदाचाच त्या व्यवसायात हिस्सा आहे. क्लबात धंदा करूच नये का? आम्ही सगळे व्यावसायिकच तर आहोत.

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन स्नेही भेटले आणि पहिला रोटरी क्लब सुरू झाला, तेव्हा सभासदांनी एकमेकांच्या धंद्याला हातभार लावणं हा त्यातला उघड भाग होता. कुणी कुणाला किती काम दिलं याची नोंद ठेवण्यासाठी क्लबात एक पदाधिकारीसुद्धा असे. 1906 मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलांना सभासद व्हा म्हणून विचारलं. त्यांनी नकार दिला. जो क्लब फक्त आपल्या सभासदांचंच भलं बघतो, त्याला फार भवितव्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.  तुम्ही आत या आणि हेच क्लबच्या उद्दिष्टांत घाला, असं कार्टरना सांगण्यात आलं. कार्टर आले आणि समाजाच्या हिताचं कलम उद्दिष्टांत दाखल झालं. आज आपण ज्याला सेवा-क्लब म्हणतो त्याची सुरुवात मला या नकारात दिसते.

तेव्हा ओळखीतून काम मिळालं तर त्यात गैर काहीच नाही. सभा संपल्यावर कुणी कुणाला कार्ड दिलं, खुशाल द्यावं. व्यासपीठ मात्र विक्रीचं दुकान होऊ नये. वक्त्याला पाठवायच्या पत्रात एक वाक्य कायमचं घालून ठेवा : सभेत विक्री, नोंदणी किंवा अर्जवाटप करू नये ही विनंती. आणि वक्ता सुचवणाऱ्या सभासदाला समितीनं सरळ विचारावं, तुमचा यात काही व्यावसायिक संबंध आहे का? असेल तर विषय आपोआप बाद होत नाही, पण परिचयातच तो संबंध सांगायचा. तुमच्या क्लबात जे झालं त्यात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे लपवणं. अर्जांवर नंबर लिहिलेल्या सभासदांना बोर्डानं खुलासा पाठवायला हवा.

प्रश्न : मी क्लबात नवीन आहे, वयानंही लहान. वर्षभर दर आठवड्याला भाषण ऐकलं. टाळ्या, स्मृतिचिन्ह, फोटो. पुढे काहीच होत नाही. मग ही भाषणं ठेवायची कशाला, असा प्रश्न मी विचारला तर सगळे हसले.

उत्तर : हसू द्या, प्रश्न सोडू नका. मला आलेल्या पत्रांत हे सर्वांत मोलाचं वाटलं.

30 जून 1925. ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथे लायन्स क्लबांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन होतं आणि लहानपणापासून अंध आणि बधिर असलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर पाहुण्या वक्त्या म्हणून आल्या होत्या. भाषण लहानसं होतं. त्यांनी स्वतःची कहाणी थोडक्यात सांगितली आणि मग समोरच्यांकडे सरळ मागणं मागितलं : अंधांसाठी चाललेलं काम आपलं म्हणा, टाळता येण्यासारखं अंधत्व राहू नये यासाठी झटा, अंधाराविरुद्धच्या मोहिमेतले अंधांचे शिलेदार व्हा. अधिवेशनानं ते काम आपलं मानलं. 1930 मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरियाच्या लायन्स क्लबनं अंधांच्या पांढऱ्या काठीचा पुरस्कार केला, कारण काळी काठी गाड्यांच्या चालकांना दिसत नसे. 1990 मध्ये लायन्सचा जागतिक दृष्टी-कार्यक्रम सुरू झाला. आजही लायन्स म्हटलं की लोकांना आधी डोळ्यांची शिबिरं आठवतात.

केलरबाईंच्या वाणीचा प्रभाव मोठा होताच. पण माझं लक्ष जातं ते दुसरीकडे : त्यांनी काय हवं ते स्पष्ट मागितलं, आणि ऐकणाऱ्यांनी ते मागणं कामकाजात घेतलं. आपल्याकडच्या बहुतेक सभांत या दोन्ही गोष्टी निसटतात. वक्ता संकोचानं मागत नाही, क्लब सौजन्यानं विचारत नाही, आणि आभारप्रदर्शनाबरोबर विषय संपतो.

म्हणून निमंत्रणाच्या वेळीच वक्त्याला विचारा, 'आमच्या क्लबकडून तुम्हाला काय उपयोग होईल?' बरेच जण म्हणतात, काही नको, ऐकलंत तेच खूप. पुन्हा विचारा. मग उत्तरं येतात, आणि ती बहुधा पैशांची नसतात. शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या एका बाईंना हवा होता आठवड्यातून दोन तास गणित शिकवणारा माणूस. विहिरींची पातळी मोजणाऱ्या एकांना हव्या होत्या मोजपट्टी धरायला दोन जोड्या हात. हे मागणं वक्त्यांनी भाषणाच्या शेवटच्या दोन मिनिटांत सांगावं. सचिवांनी ते इतिवृत्तात 'भाषण झाले' याच्या पुढच्या ओळीत लिहावं. बोर्डाच्या पुढच्या विषयपत्रिकेवर एक कायमचा विषय असावा : मागील वक्त्यांच्या विनंत्या. हो, नाही किंवा एवढंच जमेल, यांपैकी जे ठरेल ते पंधरा दिवसांत वक्त्यांना पत्रानं कळवावं. नकार कळवला तरी चालतो. उत्तरच न देणं चालत नाही.

सगळीच भाषणं अशी नसतात, हेही लक्षात असू द्या. ताऱ्यांवर, जुन्या नाण्यांवर, पक्ष्यांवर कुणी बोललं तर त्यातून प्रकल्प निघायलाच हवा असं नाही. नवं काही कळलं, कान तृप्त झाले, सभासद घरी जाऊन मुलांशी त्यावर बोलले, एवढ्यासाठीसुद्धा सभा भरवावी. मी वक्त्यांची यादी करताना दोन्ही प्रकार मिसळत असे.

पुढच्या सभेत तुम्ही प्रश्न विचारू नका, सूचना मांडा. मागच्या तीन महिन्यांतल्या वक्त्यांची नावं काढा, प्रत्येकाला फोन करा, काय हवं होतं ते लिहून घ्या आणि तो कागद अध्यक्षांच्या हाती द्या. मग किती जण हसतात ते मला कळवा.

प्रश्न : वक्ते ऐनवेळी आले नाहीत तर? आमच्याकडे दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा सभा गप्पांत गेली.

उत्तर : राखीव भाषण हवं, आणि ते घरातच मिळतं. नव्या सभासदानं आपल्या व्यवसायाबद्दल क्लबला सांगावं ही रोटरीतली जुनी रीत आहे, क्लासिफिकेशन टॉक म्हणतात तिला. 1905 च्या त्या पहिल्या बैठकीत एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक कपड्यांचा व्यापारी होता. प्रत्येकाचं काम दुसऱ्याला नवलाचं. तुमच्या क्लबातही तसंच आहे. शेजारी बसणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो, त्याच्या धंद्यात फसवणूक कुठे होते, चांगलं काम कशावरून ओळखायचं, हे आपल्याला ठाऊक नसतं. दोन सभासदांना असं पंधरा मिनिटांचं भाषण तयार ठेवायला सांगा. त्यासाठी पडदा किंवा स्लाइड लागता कामा नयेत. ज्याचं भाषण वापरलं जाईल त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लगेच घ्या.

न आलेल्या वक्त्यांना त्याच संध्याकाळी फोन करा, जाब विचारायला नव्हे, सगळं ठीक आहे ना ते विचारायला. अडचण खरी असेल तर त्याच फोनवर नवी तारीख घ्या. आणि यापुढे आठवडाभर आधी एकदा व आदल्या दिवशी एकदा, असे दोन फोन समितीतल्या एकाच माणसानं करायचे. कोणी करायचे ते नाव आजच लिहून ठेवा.